उलटली म्हणून विकू नका, राहत नाही म्हणून बोलू नका

नमस्कार मंडळी. या महिन्यात आलेली पत्रं टेबलावर मांडली तर निम्मी गोठ्यातली आणि निम्मी घरातली निघाली, आणि मला त्यात काही नवल वाटलं नाही. सव्वीस वर्षं मी चिक्कोडी, रायबाग, हुक्केरी या भागात जनावरांची डॉक्टर म्हणून फिरतेय. म्हैस तपासून झाली की हातावर पाणी घालायला घरातली सून तांब्या घेऊन येते आणि पाणी घालता घालता हळूच विचारते, मॅडम, माणसांतलं पण सांगता काय. सासू ओसरीवर असते, नवरा डॉक्टरांच्या चहाचं बघायला गेलेला असतो, तेवढ्या दोन मिनिटांत तिला चार वर्षांचं सगळं सांगायचं असतं. म्हणून हे सदर दोन्हीसाठी. माणसांबद्दलची उत्तरं मी माझ्या नणंदेकडून वाचून घेते, ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नावं कुणाचीच छापत नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

प्रश्न : माझी मुर्रा म्हस आहे, दुसऱ्या वेताची. व्यायल्याला सात महिने झाले. चार वेळा भरवली, दोनदा इंजेक्शन (कृत्रिम रेतन) आणि दोनदा गावातल्या रेड्याला दाखवली, चारी वेळा उलटली. उसाचं वाडं भरपूर आहे, खायला काय कमी नाही. सगळे म्हणालेत वांझ झाली, विकून टाक. काय करू? (एक शेतकरी, रायबाग तालुका)

तात्या, विकू नका. दोनदा व्यालेल्या म्हशीला वांझ म्हणायचंच नाही. ती उलटतेय, म्हणजे भरवूनही गाभ न धरता परत माजावर येतेय, आणि उलटणं हा काही रोग नाही, आत कुठंतरी काहीतरी चुकतंय त्याची ती खूण आहे, ते शोधायचं असतं.

तुम्ही चार वेळा भरवली लिहिलंय पण माज कधी दिसला आणि त्यानंतर किती तासांनी भरवली हे एकाही वेळेचं लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच पाहिजे होतं. बघा, गाय असो म्हैस असो, माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि टिकतो किती, तर १२ ते १८ तास, म्हशीत थोडं इकडं तिकडं. अंडं माजात असताना सुटत नाही, माज संपल्यावर दहा ते चौदा तासांनी सुटतं, आणि सुटलेलं अंडं फार वेळ दम धरत नाही, काही तासांत त्याचा जोर जातो. वीर्य आत साधारण एक दिवसभर चांगलं राहतं. म्हणजे वीर्य आधी जाऊन वाट बघत बसलं पाहिजे आणि अंडं नंतर आलं पाहिजे, असा मेळ बसला तरच गाभ धरणार. म्हणून आम्ही सांगतो की सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुष्कळ ठिकाणी होतं काय, पहाटे म्हैस ओरडली की आठ वाजता फोन, नऊ वाजता इंजेक्शन, घाईच घाई, किंवा मग माणूस गावाला गेलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भरवतात तोवर सगळं आटपलेलं असतं.

त्यात म्हशीचा माज मुका. गाय कशी दुसऱ्या गायीवर चढते, हंबरून गल्ली डोक्यावर घेते, तसं म्हैस क्वचित करते. तिचा माज रात्री नाहीतर पहाटे जास्त असतो, आपण झोपेत असतो तेव्हा. सारखं सारखं थोडं थोडं मुतणं, दूध एकदम लिटरभर कमी येणं, निरण (योनीचं तोंड) सुजल्यासारखा दिसणं, बसली की मागून काचेच्या तारेसारखा सोट (चिकट स्राव) पडणं, एवढ्याच खुणा. म्हणून रात्री झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे धारेच्या आधी एकदा बॅटरी घेऊन मागं जाऊन बघायचं, दोन मिनिटं लागतात. आणि सोट कसा आहे ते नीट बघा. स्वच्छ, पारदर्शक, लोंबणारा असेल तर ठीक, पण पांढुरका असेल, दह्यासारखे कण असतील, वास येत असेल तर गर्भाशयात दोष आहे, त्या माजाला भरवूच नका, आधी उपचार करून घ्या. दूषित गर्भाशयात कितीही चांगलं वीर्य सोडलं तरी वायाच जाणार.

आता वाड्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं. ऊसपट्ट्यातल्या निम्म्या गोठ्यांत मला हेच सापडतं. वाडं खाऊन पोट भरतं, म्हैस दिसायला पण बरी दिसते, पण वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही, शिवाय वाड्यात प्रथिनं आणि फॉस्फरस कमी. दूध देताना अंगातलं आहे ते पण निघून जातं आणि मग अंडाशय गप्प बसतो. वाडं बंद करा म्हणत नाही मी, तोडणीच्या सीझनला दुसरं आणणार कुठनं. पण निम्मं वाडं आणि निम्मी ज्वारीची वैरण, थोडा हिरवा द्विदल चारा, पेंड, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, एवढं तीन महिने न चुकता करा. खनिज मिश्रण म्हणजे खडेमीठ नव्हे, हे मी गावोगाव सांगून थकत नाही.

ऊन पण बघा. म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी, रायबाग अथणीकडच्या एप्रिल-मे मध्ये तिचा जीव नुसता थंड राहण्यातच जातो, माज दिसत नाही, दिसला तरी टिकत नाही. दुपारी दोनदा अंगावर पाणी, डुंबायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. दिवस लहान व्हायला लागले की म्हशी आपोआप माजावर येतात, सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा खरा हंगाम.

आणि शेवटचं, तो गावातला रेडा. चार पैकी दोन वेळा त्याला दाखवली म्हणता, मग त्याची तपासणी कोण करणार? त्याच्यापासून गावातल्या इतर म्हशी राहिल्यात का ते विचारा. दिवसाला चार-चार म्हशींवर सोडलेला रेडा दमतो, वीर्य पातळ पडतं. शिवाय रोगी म्हशीकडून रोग घेऊन तो चांगल्या म्हशीला देतो, त्यातले काही रोग गाभच धरू देत नाहीत. इंजेक्शनच्या कांडीत फक्त पाव मिली वीर्य असतं, पण त्यात साधारण दोन कोटी शुक्रजंतू असतात, उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेले, आणि वळू तपासलेला असतो. फक्त कांडी कोमट पाण्यात नीट वितळवलेली पाहिजे, ३७ अंशाला अर्धा मिनिट. खिशात धरून, हातात चोळून वितळवलेली कांडी मी बघितलीय, तिथं दोष म्हशीचा नसतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाची तारीख आणि वेळ लिहा, सकाळ की संध्याकाळ ते पण. पुढचा माज आला की डॉक्टरांना माजातच गर्भाशय तपासायला सांगा. भरवल्यानंतर २१ दिवसांनी परत नाही आली म्हणून गाभण धरून बसू नका, दोन महिन्यांनी हात घालून तपासून घ्या. आणि राहिली की मोजा ३१० दिवस. गायीचे २८० धरून चालणारी माणसं दहाव्या महिन्यात उगाच घाबरून फोन करतात.

प्रश्न : लग्नाला साडेतीन वर्षं झाली. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्स-रे पण केला, सगळं नॉर्मल आहे. मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत भट्टीवर आहेत. ते तपासायला तयार नाहीत, माझ्यात काय नाही म्हणतात. सासूबाई चांगल्या आहेत पण लोक बोलालेत, हळदीकुंकवाला पण मला टाळतात. (एक सून, बेळगाव तालुका)

तू म्हणूनच लिहिते, माझ्या पुतणीच्या वयाची असशील. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ते हळदीकुंकवाचं वाचून मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, त्या बायकांचा.

पहिली गोष्ट, तुझी नळ्यांची तपासणी आधी झाली आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणी साडेतीन वर्षांत झाली नाही, हा क्रमच उलटा आहे. नळ्यांचा एक्स-रे दुखतो, पैसे जास्त लागतात. वीर्य तपासणीला सुई नाही, दुखणं नाही, खर्च थोडा, रिपोर्ट त्याच दिवशी. मूल न राहणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं काहीतरी कारण असतंच, कधी एकट्या पुरुषाचं, कधी दोघांचं. वर्षभर एकत्र राहून राहिलं नाही तर दोघांनी एकदम तपासायचं, बाईचं वय ३५ च्या पुढं असेल तर सहाच महिने थांबायचं, हा डॉक्टरी नियम आहे. जगात साधारण सहा माणसांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा प्रश्न येतो असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय. तुमच्या गल्लीत पण असतील, बोलत नाहीत एवढंच.

आता हे पुढचं मिस्टरांना वाचायला दे. दादा, तुमच्यात काही नाही असं तुम्हाला वाटतं कारण तुम्ही धडधाकट आहात, कामाला वाघ आहात, संसार नीट चाललाय. पण पुरुषपण आणि शुक्रजंतूंची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळं व्यवस्थित असणाऱ्या माणसाच्या वीर्यात पण शुक्रजंतू कमी असू शकतात, अजिबात नसू पण शकतात, बाहेरून काहीएक कळत नाही, वीर्य दिसायला सारखंच दिसतं कारण त्यातला शुक्रजंतूंचा भाग अगदी थोडा असतो, बाकी सगळा ग्रंथींचा द्रव.

आणि तुमच्या कामाचा इथं थेट संबंध येतो म्हणून सांगते. देवानं वृषण पोटाच्या आत न ठेवता बाहेर पिशवीत का ठेवले, तर त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड लागतं म्हणून. थंडीत पिशवी आखडते आणि उन्हाळ्यात सैल पडते ती त्याचसाठी, वळूचं पण तसंच आहे, तापलेल्या वळूचं वीर्य पुढचे दोन महिने खराब येतं हे आम्ही नेहमी बघतो. भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसांत, बॉयलरवाल्यांत, लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांत शुक्रजंतू कमी होऊ शकतात. सगळ्यांचे होत नाहीत, उद्यमबागला भट्टीवर काम करून दोन-दोन पोरांचे बाप झालेले कितीतरी आहेत. पण तुमचं काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार कसं? भट्टी हे कारण निघालं तर ते सगळ्यात बरं कारण, कारण ते सुधारतं. नवीन शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे पाळी बदलून घेतली, काम थोडं लांबचं घेतलं, सैल सुती कपडे घातले, बिडी-तंबाखू सोडली तर तीन महिन्यांनी परत तपासल्यावर फरक दिसतो. तीन महिन्यांच्या आत बघू नका, आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा असतो.

तपासणीला जाताना दोन ते सात दिवस संबंध नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या, घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवा आणि अंगाच्या उबेत न्या, बर्फात नको. रिपोर्टमध्ये एका मिलीला १.६ कोटी आणि एकूण ३.९ कोटी ही खालची मर्यादा धरतात, त्याच्याखाली आकडा आला म्हणून मूल होणारच नाही असं नाही आणि वर आला म्हणून होईलच असंही नाही. एकदा कमी आलं तर लगेच खचू नका, ताप येऊन गेला असेल तरी कमी येतं, काही आठवड्यांनी परत करतात. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, त्याला व्हेरिकोसील म्हणतात, तर ते साधं ऑपरेशन आहे. अगदीच वीर्यात शुक्रजंतू नाहीत आले तरी कधीकधी आत तयार होत असतात, फक्त वाट बंद असते, ते सुईनं काढता येतात.

आता परत तुझ्याशी. चौदाव्या दिवशी संबंध ठेवा असं कुणी सांगितलं असेल तर ते फक्त २८ दिवसांची पाळी असणारीला लागू. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे ३५ दिवसांनी पाळी येणारीचं एकविसाव्या दिवसाच्या आसपास. बाईचं अंडं १२ ते २४ तास टिकतं आणि पुरुषाचे शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत राहतात, म्हणून अंडं सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढे सहाच दिवस महिन्यात कामाचे. त्या दिवसांत एक दिवसाआड पुरे. मिस्टरांची नाईट असेल तर तेच दिवस नेमके हुकतात, पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्या की कळतं. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आत्तापासून रोज घ्यायला सुरू कर, राहिल्यावर नव्हे, त्याआधीपासून घ्यायची असते, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी.

सासूबाई चांगल्या आहेत लिहिलंस ना, मग त्यांना सोबत घे. आमच्याकडं आईनं सांगितलेलं मुलगा ऐकतो. आणि मला परत लिही, रिपोर्ट काहीही येऊ दे.

प्रश्न : टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे दुसऱ्याचं बाळ असतंय म्हणतात, खरं काय? मुलगा-सून करणार म्हणालेत, आम्हाला भीती वाटते. (एक सासरे, निपाणी)

अण्णा, नाही. सुनेचं अंडं आणि मुलाचे शुक्रजंतू घेऊन लॅबमध्ये काचेच्या बशीत एकत्र ठेवतात, फलन झालं की तीन ते पाच दिवसांनी तो गर्भ सुनेच्याच गर्भाशयात सोडतात, पुढचे नऊ महिने सगळं नेहमीसारखं. दुसऱ्याचं अंडं किंवा वीर्य घ्यायची वेळ आली तर ते वेगळं प्रकरण, त्याला दोघांची लेखी संमती लागते, २०२१ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. न सांगता कुणी करू शकत नाही, केलं तर गुन्हा आहे. तुम्ही सुनेबरोबर एकदा जाऊन डॉक्टरांनाच विचारा, त्यात संकोच कसला.

जगातली पहिली अशी मुलगी लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मली. आणि त्यानंतर सत्तरच दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भारतातली पहिली मुलगी जन्माला घातली, साध्या साधनांवर. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी बसवली, परदेशात जाऊन सांगू दिलं नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं कारण कितीतरी वर्षं पुस्तकात त्यांचं नावच नव्हतं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा ही टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली, आणि तिला स्वतःला पुढं मूल झालं. जनावरांत पण आहे, हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये म्हशीचं पहिलं असं रेडकू जन्मलं, नाव ठेवलं प्रथम.

फक्त एक, दरवेळी यश येत नाही, खर्च मोठा आहे आणि बाईच्या वयाप्रमाणं शक्यता कमी होत जाते. शेत विकून करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

प्रश्न : मी तालमीत होतो, आता जिम करतोय. बॉडीसाठी सहा महिने इंजेक्शनं घेतली, टेस्टोस्टेरॉनची. पुढच्या वर्षी लग्न आहे. मित्र म्हणाला याच्यानं ताकद वाढते मग मूल पण लवकर होईल. (वय २६, चिक्कोडी)

बाळा, मित्राचं उलटं आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं अंगात भरपूर आहे, मग मेंदूतली ग्रंथी वृषणांना काम करायचा हुकूम द्यायचं थांबवते. वृषणांच्या आत जेवढं टेस्टोस्टेरॉन लागतं तेवढं रक्तातून पोचत नाही, म्हणून दंड फुगतात आणि शुक्रजंतू बंद पडतात, वृषण लहान होतात. काही देशांत तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून यावरच प्रयोग झालेत, एवढं ते पक्कं आहे. बहुतेकांचं इंजेक्शन सोडल्यावर सहा महिने ते वर्षात परत येतं, काहींना दोन वर्षं लागतात. बंद करायचीच आहेत, पण आधी आजच यूरॉलॉजिस्टकडं किंवा हार्मोनच्या डॉक्टरांकडं जा, एकदम सोडल्यावर थकवा, उदासपणा येतो, तेव्हा सांगून सोड. सोडल्यावर सहा महिन्यांनी, लग्नाच्या आधी, वीर्य तपासून घे. तालमीतल्या तुझ्या वस्तादांनी दूध, बदाम, जोर-बैठका सोडून काही दिलं नसणार, ते बरोबरच होतं.

प्रश्न : आमची जर्सी सातव्या महिन्यात गाभडली, मागच्या वर्षी पण दुसरी गाभडली. शेजारी म्हणालेत नजर लागली. जार अडकला होता तो माझ्या मुलीनंच हातानं काढला, ती माहेरी बाळंतपणाला आली आहे. (एक बाई, खानापूर तालुका)

वहिनी, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून तुम्हाला संपादकांकडून आधीच निरोप पोचवलाय, इथं सगळ्यांसाठी लिहिते. सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडणं, वर जार अडकणं, आणि एकाच गोठ्यात दोन वर्षांत दोनदा, हे वाचल्याबरोबर डोक्यात येतं ते ब्रुसेला. नजर-बिजर काही नाही, जंतू आहे, आणि तो माणसांना होतो. गाभडलेलं वासरू, जार, त्यातलं पाणी, यात तो खच्चून भरलेला असतो, हाताच्या बारीक चिरेतून, डोळ्यातून, श्वासातून पण जातो.

मुलीला लगेच तिच्या डॉक्टरांकडं न्या आणि हातानं जार काढला हे सांगा, न विचारता सांगा, नाहीतर डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. गरोदरपणात हा ताप झाला तर बाळाला धोका असतो, पण औषधं आहेत. घरात आणखी कुणाला संध्याकाळी चढणारा आणि उतरणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर-सांधे दुखणं असेल, पुरुषांत वृषण सुजणं असेल, तर तेही तपासा, टायफॉइड टायफॉइड म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खात बसणारी माणसं मी बघितलीत. उपचार निदान सहा आठवडे घ्यावे लागतात, ताप उतरला म्हणून मधे सोडायचे नाहीत.

गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचं रक्त तपासून घ्या. दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, धारोष्ण तर नाहीच. जार आणि वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका, उकिरड्यावर टाकू नका. जार स्वतः ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. हातमोजे, तोंडाला फडकं हवंच. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच लस असते, २०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत फुकट देतात. गाभण जनावराला आणि नर वासराला ती द्यायची नाही.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे. प्रजननाचा धडा सरांनी घरी वाचा म्हणून सांगितलं. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं घालते काय? मग दुकानातल्या अंड्यात पिल्लू असतं का? आणि मुलगा-मुलगी कोण ठरवतं? (एक विद्यार्थिनी, निपाणी)

छान प्रश्न विचारलेस, असेच विचारत जा, यात लाजण्यासारखं काही नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय घालते की. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. दुकानातली अंडी पोल्ट्रीतली, तिथं कोंबडाच नसतो, त्यामुळं त्यात पिल्लू नसतं आणि कितीही उबवलं तरी होणार नाही. तुमच्या परड्यातल्या कोंबडीचं अंडं मात्र कोंबडा फिरत असेल तर फलित असतं, पण २१ दिवस ऊब मिळाली तरच पिल्लू. आणि एक गंमत सांगते, कोंबडीच्या पोटात शुक्रजंतू साठवायच्या बारीक नळ्या असतात, एकदा मेळ झाला की दोन-तीन आठवडे त्यावर फलित अंडी येत राहतात, कोंबडा विकून टाकला तरी.

माणसात आईच्या प्रत्येक अंड्यात एक्स हे गुणसूत्र असतं, बापाच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्स पोचला तर मुलगी, वाय पोचला तर मुलगा, म्हणजे आईच्या हातात त्यातलं काहीच नाही. पक्ष्यांत उलटं, तिथं मादीच ठरवते. समुद्री कासवांत तर वाळूच ठरवते, वाळू जास्त तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. मधमाशीत फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्याला बापच नसतो. हे वाचून घरी आजीला सांग, मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणारं कुणी असेल तर त्यांनाही सांग.

प्रश्न : गायीला कालवडच होणारं इंजेक्शन आलंय म्हणतात. माणसांत तसं असतं काय? (हुक्केरी तालुका, नाव नाही)

गायीत आहे. एक्स असलेल्या शुक्रजंतूत वायपेक्षा चारेक टक्के जास्त डीएनए असतो, त्या फरकावर मशीन ते वेगळे करतं, दहापैकी नऊ वेळा कालवड होते. महाग पडतं आणि गाभ धरायचं प्रमाण थोडं कमी, म्हणून पहिलारू, तंदुरुस्त कालवडींवरच वापरा.

माणसांत विचारू पण नका. गर्भाआधी असो की नंतर, मुलगा की मुलगी निवडणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, विचारणाऱ्यालाही शिक्षा आहे. हद्द ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात जाऊन करता येतं असं कुणी सांगत असेल तर कायदा कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत एकच आहे.

प्रश्न : ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो काय? आणि पपई? (एक आजी, शहापूर, बेळगाव)

आजी, ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही. ओठ गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यातच जुळतो, बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. नातसुनेला दिवसभर उपाशी, पाण्याशिवाय एका जागी बसवू नका, त्याचाच त्रास होतो. पिकलेली पपई चालते, कच्ची चिकाची नको. फाटलेला ओठ ऑपरेशननं छान होतो, तो दोष कुणाच्या हातून झालेला नसतो.

प्रश्न : गाय जुळी व्याली, एक पाडा, एक पाडी. लोक म्हणालेत पाडी वांझ होणार. माझ्या मुलीला पण जुळं झालंय, एक मुलगा एक मुलगी, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरालंय. (एक आजोबा, अथणी तालुका)

आजोबा, पाडीचं लोक म्हणतात ते खरं आहे. गायीच्या पोटात जुळ्यांच्या जारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात, पाड्याच्या अंगातले हार्मोन आणि पेशी पाडीत जातात आणि तिचं गर्भाशय, अंडाशय नीट घडतच नाहीत. अशा दहा पाड्यांतल्या नऊच्या वर कधीच गाभण राहत नाहीत. बाहेरून ती चांगली दिसते, म्हणून माणसं तीन वर्षं पोसतात आणि मग उपचारांवर खर्च करतात. महिनाभराची झाली की डॉक्टरांना योनीमार्गाची लांबी मोजायला सांगा, तेवढ्यावर बहुतेक कळतं, रक्ततपासणीनं पक्कं होतं. पाड्याला सहसा फारसं काही होत नाही.

पण नातीची काळजी डोक्यातून काढून टाका. माणसांत मुलगा-मुलगी जुळी असली की दोघांची वार वेगळी असते, शेजारी शेजारी चिकटलेली दिसली तरी रक्त एकमेकांत सहसा जात नाही. भावाबरोबर पोटात वाढली म्हणून तिच्यात काही कमी राहत नाही. अशा किती मुली मोठ्या होऊन आया झाल्यात, तुमच्या तालुक्यातच सापडतील. बाळंतिणीला दोघांना पाजावं लागतंय, तिच्या खाण्यापिण्याकडं तेवढं लक्ष द्या.